जड पुस्तक हातात देताना

प्रश्न : आम्ही नऊ जणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमून एका पुस्तकावर बोलतो. सुरुवात भिशीपासून झाली, पुस्तकं नंतर आली. गेल्या महिन्यातल्या कादंबरीत एका लहान मुलीवर घरातलाच माणूस अत्याचार करतो. चर्चेच्या दिवशी एकीने तो उतारा मोठ्याने वाचायला घेतला आणि आमची एक मैत्रीण पर्स उचलून, काही न बोलता निघून गेली. तेव्हापासून गटात दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, आधी सांगायला हवं होतं. काहींचं म्हणणं, असं सांगत बसायचं तर कादंबऱ्या वाचायच्याच कशाला? आधी सूचना द्यावी का, कशी द्यावी, आणि मुळात अशी पुस्तकं वाचायची तरी कशी?

उत्तर :

हो, आधी सांगायला हवं होतं. पण तुमचा प्रश्न वाचताना मला खटकलं ते वेगळंच. तो उतारा मोठ्याने वाचला गेला.

तुमची मैत्रीण चर्चेला आली होती, म्हणजे पुस्तक तिने बहुधा वाचलं होतं. घरी वाचताना पान तिच्या हातात होतं. नको वाटलं तर मिटता येत होतं, दोन पानं उलटून पुढे जाता येत होतं, उठून उगाच ओटा पुसता येत होता. शनिवारी यातलं काहीच उरलं नाही. आवाज दुसरीचा, वेग दुसरीचा, आणि भोवती आठ जणी. मिटायला पुस्तकच नव्हतं, म्हणून ती स्वतः उठली. मला तर त्यात तिचं शहाणपण दिसतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली २२ देवघेवीच्या खिडकीवर. पुढे ग्रंथपाल झाले, पण खिडकी सुटली ती नावालाच. मधल्या काळात समुपदेशनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, कारण वाचक पुस्तक परत करताना जे सांगायचे ते ऐकून नुसतं ‘हं’ म्हणणं मला पुरेनासं झालं होतं. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. निवृत्तीनंतर दोन वाचकगट चालवते, एक बायकांचा आणि एक मिश्र.

आता सूचनेविषयी. ही नवी फॅशन आहे, परदेशातून आलेलं थेर आहे, असं तुमच्यातल्या दुसऱ्या तटाला वाटत असेल तर त्यांना वाचनालयाची जुनी पुस्तकं उघडून दाखवा. शनिवारी दुपारी गर्दी कमी असली की मी खोडरबर घेऊन परत आलेली पुस्तकं साफ करत बसायची. शिव्या, फोन नंबर, प्रेमपत्रांचे कच्चे खर्डे, सगळं खोडायचं. एका जाड कादंबरीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने, बारीक, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘पान १४० पासून पुढे जपून. लेकरू जातं.’ त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, शाईने : ‘हो. पण शेवटपर्यंत वाचा.’ ते मी खोडलं नाही. नियमाप्रमाणे खोडायला हवं होतं. ते पुस्तक पुढे दोनदा बांधणीला गेलं, तेव्हा बांधणाऱ्याला बजावून ते पान जपायला लावलं.

त्या दोन ओळी कुणी लिहिल्या मला माहीत नाही. पण सूचना म्हणजे काय हे मला पुढे कुठल्याही अभ्यासक्रमाने याहून नीट शिकवलं नाही. काय घडतं ते सांगितलंय, कुठे घडतं ते सांगितलंय, आणि तुम्हाला काय वाटेल याबद्दल एक अक्षर नाही.

याच्या उलट आपल्या बातम्यांच्या वाहिन्यांचं घ्या. ‘ही दृश्यं तुम्हाला विचलित करू शकतात.’ कशाची दृश्यं? अपघाताची, मारहाणीची, रक्ताची? ते सांगत नाहीत. नुसतं विचलित व्हायला सांगतात, आणि मग आपण स्वयंपाकघरातून हातातली पळी घेऊन धावत येऊन बघतो. ही सूचना नव्हे, ही दवंडी. पुस्तकाबद्दल ‘फार डिस्टर्बिंग आहे हं, बघ बाई तुला झेपतंय का’ असं म्हणणं त्याच जातीचं. त्याने एक तर कुतूहल वाढतं, नाहीतर पहिल्या पानापासून माणूस अंग चोरून वाचायला लागतो.

हा नुसता माझा अंदाज नाही. अशा सूचनांना इंग्रजीत ‘ट्रिगर वॉर्निंग’ म्हणतात. ‘ट्रिगर’ म्हणजे बंदुकीचा चाप. आघातानंतरच्या मानसिक त्रासाला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० साली वेगळं नाव मिळालं, त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे अनुभव होते. तिथून ‘ट्रिगर’ हा शब्द पुढे इंटरनेटवर आणि विद्यापीठांच्या वर्गांत पोचला. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, खपली निघणं. तर अशा सूचनांवर बरेच प्रयोग झाले, आणि २०२३ साली त्यातल्या १२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. निष्कर्ष साधारण असा : सूचना दिल्याने पुढच्या मजकुराचा त्रास कमी होत नाही, मजकूर समोर येण्याआधीची धाकधूक मात्र वाढते, आणि सूचना वाचून लोक मजकूर टाळतात असंही ठामपणे दिसत नाही.

हे वाचल्यावर मी दोन दिवस गप्प होते. मग सांगायचं कशाला?

माझं उत्तर असं, की त्रास कमी व्हावा म्हणून मी सांगतच नाही. वेळ आणि जागा वाचकाला निवडता यावी म्हणून सांगते. तेच पान रविवारी सकाळी अंगणात वाचणं आणि रात्री साडेअकराला, घरातले सगळे झोपल्यावर वाचणं यात फरक आहे. एसटीत, शेजारी अनोळखी माणूस बसलेला असताना डोळे भरून येणं वेगळं, आणि स्वतःच्या घरात येणं वेगळं. दुःख तेवढंच असेल, पण ते कुठे भेटावं हे ज्याचं त्याला ठरवता आलं.

आपल्याकडे हे कुणी फार पूर्वी पाहून ठेवलंय. आठव्या शतकातल्या भवभूतीचं उत्तररामचरित, अंक पहिला. वनवास संपलाय, राज्याभिषेक झालाय, सगळं सुखाचं आहे. राम, लक्ष्मण आणि गरोदर सीता आपल्याच आयुष्याची चित्रं बघताहेत. लक्ष्मण एकेक दाखवत जातो. ‘ही मंथरा’ असं तो म्हणतो आणि राम काही न बोलता पुढच्या चित्राकडे वळतो. लक्ष्मण मनाशी हसतो : मधल्या आईची हकिकत दादाने गाळली. पुढे शूर्पणखेचं चित्र येतं. सीता घाबरते, आता आपली ताटातूट होणार असं तिला वाटतं. राम तिला सांगतो, अगं, हे चित्र आहे. आणि थोड्याच वेळात, सीताहरण झालं त्या जनस्थानातल्या प्रसंगांपाशी, समजूत घालणाऱ्या त्या रामाचेच डोळे वाहू लागतात. तो म्हणतो, तेव्हा सूड घ्यायचा होता म्हणून ते दुःख सोसलं गेलं, आता तेच मनात पुन्हा पिकून मर्मावरच्या व्रणासारखं ठणकतंय.

मी हा प्रसंग गटात नेहमी सांगते, आणि त्यातलं पान गाळणं मुद्दाम अधोरेखित करते. पानं गाळली म्हणजे पुस्तक वाचलंच नाही, अशी एक शाळकरी अपराधी भावना आपल्या सगळ्यांच्या मनात असते. रामाने मंथरा गाळली. त्याचं काही बिघडलं नाही. दुसरं म्हणजे दुखणं वर येतं ते संकट चालू असताना नव्हे, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर. खिडकीवर मी हे कितीदा पाहिलं. नवरा गेल्यानंतरची दोन वर्षं भराभर वाट्टेल ते वाचणारी बाई, मुलगा नोकरीला लागून घर मार्गी लागल्यावर एका साध्याशा कथेपाशी अडली.

आता माझी चूक. एक तरुण शेतकरी वाचक होता, वडिलांसाठी पुस्तक मागायला आला. ‘शेतीवरचं द्या मॅडम, त्यांना तेवढंच गोड लागतं.’ मी नुकतीच आलेली, चांगली नावाजलेली कादंबरी काढून दिली. त्यात कर्जापायी एक शेतकरी जीव देतो, आणि लेखकाने तो प्रसंग बारीक तपशिलांसकट लिहिलाय. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून. मुलगा काही बोलला नाही. मी आडनाव पाहिलं, गाव पाहिलं आणि मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्याच घरातला थोरला भाऊ असाच गेला होता. गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त पुस्तक देताना ते माझ्या हातापर्यंत पोचलं नाही.

त्या संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही घातली. वाचनालयाचं दाखलखातं वेगळं, ही माझी खाजगी. कादंबरी किंवा आत्मकथन वाचून झालं, की त्यात एक ओळ. नमुना देते :

‘मुलाचा मृत्यू, मध्यावर, अचानक. नवऱ्याची मारहाण, पहिल्या निम्म्यात सतत. शेवट शांत.’

‘आत्महत्या, शेवटच्या प्रकरणात. कशी केली त्याचं वर्णन आहे.’

‘बाळंतपणात आई जाते, पहिलंच पान. पुढे काही नाही.’

नऊ वर्षांत चारशेच्या वर नोंदी झाल्या. विशेषणं एकाही नोंदीत नाहीत. ‘भयंकर’, ‘हृदयद्रावक’, ‘काळीज पिळवटणारं’ हे शब्द मी ब्लर्बवाल्यांसाठी सोडलेत. काय, कुठे, किती तपशिलात, एवढंच. तपशिलाचा मुद्दा आत्महत्येच्या बाबतीत तर सोडूच नका. पद्धतीचं बारीक वर्णन टाळा, असं जागतिक आरोग्य संघटना वार्ताहरांना बजावते, कारण आधीच काठावर असलेल्या माणसाला ते वर्णन ढकलू शकतं. कादंबरीकाराला मी हे सांगायला जाणार नाही. पण पुस्तक हातात देणारी मी आहे, तर मला माहीत असायला हवं.

तुमच्या गटाला एवढी वही नको. महिन्याचं पुस्तक ठरलं की ते सुचवणाऱ्या बाईने व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकाव्यात. ‘यात लहान मुलीवर घरातल्या माणसाकडून अत्याचार आहे, साधारण निम्म्यावर, सहा-सात पानं, स्पष्ट. पुढे त्याचे उल्लेख येत राहतात.’ संपलं. त्यावर ‘काळजी घ्या’ नको, हात जोडलेली चित्रं नकोत, आणि ‘कुणाला प्रॉब्लेम असेल तर सांगा’ हे तर मुळीच नको. कारण ते सांगणं म्हणजेच सगळ्यांसमोर स्वतःचं काहीतरी उघडं करणं. ज्यांना यायचं नाही त्या त्या महिन्यात लग्नाला गेलेल्या असतील. लग्नं पुष्कळ असतात.

‘मग पुस्तकाची मजा जाते’ या तक्रारीचं मला हसू येतं. रोहिदासाला साप चावणार हे हरिश्चंद्राचं आख्यान ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून कुणी कीर्तनातून उठून गेलं नाही, आणि तारामतीच्या विलापाला पदर डोळ्यांना लागायचे राहिले नाहीत.

दुसरी भीती मात्र मी गांभीर्याने घेते. आज सूचना, उद्या बंदी. आमच्या संचालक मंडळात एक सदस्य होते, त्यांचा आग्रह होता की ‘असली’ पुस्तकं वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा आणि मागितली तरच द्या. माझ्या वहीचा सुगावा लागल्यावर त्यांना फार आनंद झाला, त्यांना वाटलं कपाटाची यादी आयतीच मिळाली. मी वही घरी नेली. १९७० साली तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं, तेव्हा सेन्सॉरने एका स्त्रीपात्राच्या साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली. गर्भपाताचा डाग. मग तो निळा केला गेला, आणि हा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा अशी घोषणा प्रयोगाआधी होऊ लागली. मला ही घोषणा फार आवडते. सेन्सॉरला जे दिसू द्यायचं नव्हतं ते तिने नुसतं सांगून दाखवलं. आपली सूचना त्या घोषणेच्या बाजूची हवी, कात्रीच्या बाजूची नको. एखादं पुस्तक जड आहे म्हणून यादीतून काढायचं ठरलं, की समजा तुमचा गट कुलपाच्या कपाटाकडे निघाला.

आणि एक सांगून ठेवते, सूचना कितीही नेमकी दिली तरी अर्ध्या खपल्या भलत्याच जागी निघतात. आमच्या मिश्र गटात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी युद्धावरची, फाळणीवरची, छळछावण्यांवरची पुस्तकं शांतपणे वाचली. एका विनोदी लेखसंग्रहात बाप मुलीला सायकल शिकवतो असा दोन पानी लेख होता, त्यावर ते कोसळले. मुलगी अकरावीत असताना गेली होती, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. त्या पुस्तकावर मी काय सूचना लिहिणार होते? ‘सायकल’?

म्हणून सूचनेपेक्षा गटाची रीत जास्त कामाला येते. जड प्रसंगाचा उतारा मोठ्याने वाचायचा नाही, पान क्रमांक सांगायचा, ज्याला हवं तो उघडून बघेल. उठून गेलेल्या माणसाच्या मागे कुणी धावत जायचं नाही, ठरलेली एकच व्यक्ती पाच मिनिटांनी बाहेर जाऊन ‘पाणी हवं का’ एवढंच विचारेल. आणि उठून जाणाऱ्याने कारण द्यायचं नाही, परत आल्यावरही नाही.

या शेवटच्या रीतीची किंमत मला एका प्रसंगात कळली. आम्ही काही महिने ओळीने दलित आत्मकथनं वाचत होतो. १९७८ चं ‘बलुतं’, मग ‘उपरा’, मग बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. या पुस्तकांबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं, ‘बाई गं, फार अंगावर येतं.’ आमच्याकडेही ते आलं, आणि त्या भरात एकीने गटातल्या एका तरुण शिक्षिकेकडे वळून विचारलं, ‘तुमच्याकडे अजून असं असतं का हो?’ पुढचे दोन महिने ती आली नाही. तिसऱ्या महिन्यात आली तेव्हा मला जिन्यात म्हणाली, ‘पुस्तकातलं मला आजीकडून तोंडपाठ होतं. पुस्तकाचा त्रास नाही झाला. तुम्ही सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलंत, त्याचा झाला.’

मी तेव्हापासून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकले. एखाद्याला वाचताना जुनं दुखणं ठणकतं, आणि एखाद्याला आपल्या शेजारी काय चाललं होतं हे पहिल्यांदाच कळून अस्वस्थ वाटतं. दोघंही ‘झेपत नाही’ हेच शब्द वापरतात. पहिल्याला थांबायची मुभा हवी. दुसऱ्याला मी म्हणते, थांबू नका, वाचा. तुमची झोप उडाली असेल तर ती उडण्यासारखीच गोष्ट आहे. माझ्या वहीत या पुस्तकांच्याही नोंदी आहेत, ‘उपासमार, जातीवरून मारहाण, मृत जनावराचं मांस’ अशा. पण त्या नोंदींच्या आधारावर ‘हे या महिन्यात नको, सणाचे दिवस आहेत’ असं कुणी म्हटलं तर मी ऐकत नाही.

आता एकटीने वाचायचं कसं. इथे माझ्याकडे शास्त्र कमी आणि सवयी जास्त आहेत.

रात्री झोपण्यापूर्वी नको, हे कळायला अभ्यासक्रम लागत नाही. शेवट आधी वाचायला हरकत नाही, मी स्वतः वाचते. मुलगी जगते की नाही एवढं कळलं की मधली दोनशे पानं नीट वाचता येतात. थांबायचंच झालं तर शक्यतो प्रसंगाच्या ऐन मध्यावर थांबू नका, तो ओलांडून पुढच्या शांत परिच्छेदापर्यंत जा आणि मग खूण घाला. मध्येच मिटलं की मन दिवसभर त्याच खोलीत उभं राहतं. पण पुढे जाववतच नसेल तर सरळ मिटा, आणि मधली पानं कुणाकडून तरी तोंडी ऐका. आमच्या गटात एक जण हे काम आनंदाने करतो. तीन मिनिटांत तीस पानं सांगतो, कोरडी, पंचनाम्यासारखी. ऐकीव पुस्तकांपासून जरा जपा. कानात आवाज चालू असतो, हात कणकेत असतात आणि बंद करेपर्यंत ते वाक्य होऊन गेलेलं असतं. कागदावर नजर दोन ओळी पुढे जाऊन बघून येते, कानाला ती सोय नाही.

आणि एका वेळी किती, याचा माझा आदर्श म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. आपण त्याला रडवणारं पुस्तक म्हणून ओळखतो, आणि आई गेलेल्या पोराच्या हातात ते देताना आजही माझा हात अडतो. पण त्याची बांधणी बघा. ४२ रात्री. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना एका रात्री एक गोष्ट सांगतो, गोष्ट संपते, मंडळी झोपायला जातात. आईचं मरण येईपर्यंत ऐकणाऱ्यांनी तिच्यासोबत जवळजवळ चाळीस रात्री काढलेल्या असतात, आणि त्याही एकट्याने नाही. आपण ते पुस्तक सुट्टीत एका बैठकीत संपवतो आणि मग डोकं दुखतं म्हणतो. ज्या मुलाची आई खरंच गेली आहे त्याला हे पुस्तक द्यायचं की नाही, याचं माझ्याकडे ठरीव उत्तर नाही. एका मुलीला मी दिलं नाही, तर तिने ते स्वतः कपाटातून काढलं, तीन वेळा नेलं आणि तिसऱ्यांदा परत करताना म्हणाली, ‘यातली आई पण ओरडते.’ तिला तेवढंच शोधायचं होतं बहुतेक. आपलीच आई ओरडायची, हे लोक गेलेल्या माणसाबद्दल बोलू देत नाहीत.

रडू येणं म्हणजे इजा नव्हे, हे मी प्रत्येक गटात सांगते. रडून झाल्यावर मोकळं वाटत असेल, चहा प्यावासा वाटत असेल, कुणाला तरी फोन करून ‘अगं, हे वाच’ म्हणावंसं वाटत असेल तर पुस्तकाने आपलं काम केलं. काळजीची लक्षणं निराळी. वाचताना छातीत धडधडतंय, हातपाय गार पडलेत, आपण पुस्तक वाचत नसून त्या जुन्या खोलीतच आहोत असं वाटतंय, आजूबाजूचा आवाज लांबून येतोय. असं झालं तर पुस्तकाचा विचार सोडा. पाय जमिनीवर टेकवा, गार पाण्याने तोंड धुवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजची तारीख आणि आपलं आत्ताचं वय म्हणा. वय म्हणणं हास्यास्पद वाटेल, पण ते फार उपयोगी पडतं. मनाने पुन्हा आठ वर्षांची झालेली बाई स्वतःच्या तोंडून ‘मी एक्केचाळीस’ ऐकते तेव्हा परत येते.

आणि पुस्तक मिटून दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, तीच स्वप्नं पडत असतील, जेवण तुटलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो वाचनाचा प्रश्न उरलेला नसतो. मरणाचे विचार आले तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र आणि फुकट, मराठीत बोलता येतं. लहान मुलाबाबत काही कळलं असेल तर १०९८. हे दोन्ही क्रमांक आमच्या वाचनालयात नोटीस बोर्डावर ‘पुस्तके वेळेत परत करा’च्या शेजारी लावलेत. वाचक ते पाठ करत नाहीत, पण कुठे लावलेत हे त्यांना माहीत असतं.

राहिली तुमची मैत्रीण. ती गेल्यापासून गटात तिच्याविषयी अंदाज बांधले जात असतील, ‘तिच्या बाबतीत लहानपणी काही…’ वगैरे. ते आजच बंद करा, आणि बंद करायचं तुम्ही, कारण प्रश्न तुम्ही विचारलात. काही झालं असेल, नसेल, तिच्या बहिणीचं असेल, तिच्या विद्यार्थिनीचं असेल, किंवा तिला त्या दिवशी नुसती मळमळ झाली असेल. तिला फोन करा. ‘तो उतारा वाचायला घेतला ही आमची चूक झाली, पुन्हा तसं करणार नाही’ एवढं एक वाक्य, आणि लगेच पुढच्या शनिवारचं पुस्तक, वेळ आणि कुणाच्या घरी ते सांगा. ‘तू ठीक आहेस ना’ असं तीनदा विचारू नका. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर फोन ठेवा.

ती आली की बसायला दाराजवळची खुर्ची मोकळी असू द्या. आमच्या गटात अशी एक खुर्ची कायम असते, न बोलता ठेवलेली, ज्याला वाटेल तो त्यावर बसतो. हल्ली तिच्यावरून भांडणं होतात, कारण वाऱ्याची झुळूक फक्त तिथेच येते.